पितळेचा ताप

१

फोटोकाकांनी एक्स-रेची फिल्म वॉर्डाच्या खिडकीच्या काचेवर धरली आणि धाकट्या भावाची छाती बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

चाळीस वर्षं त्यांनी याच इस्पितळाच्या तळघरात लोकांच्या छात्यांचे फोटो काढले होते. "श्वास घ्या, धरा, सोडा, एवढ्या भांडवलावर मी अख्खा संसार केला," असं ते स्वतःच सांगायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी इस्पितळात त्यांना फोटोकाकाच म्हणत आणि वॉर्डात कुणी अडवत नसे. पण आजवर पाहिलेल्या हजारो छात्या परक्यांच्या होत्या. ही लहानपणी त्यांच्या पाठीला चिकटून झोपायची.

"दोन्हीकडे सारखंच पांढरं आहे," ते म्हणाले. "न्यूमोनिया सहसा असा मापून दोन्ही बाजूंना बसत नाही, डॉक्टरबाई."

डॉक्टरबाई वयानं त्यांच्या मुलीएवढी. दोन दिवस धड झोपली नव्हती आणि ते लपवायच्या भानगडीतही पडत नव्हती. "मलाही पटत नाहीये," ती म्हणाली. "अँटिबायोटिक चालू केलंय, ऑक्सिजन आहे. पण यांच्या श्वासातून काहीतरी आत गेलंय. त्याचं नाव कळलं तर पुढे काय काय होऊ शकतं ते मला सांगता येईल. त्यांना विचारावं तर दोन शब्दांत धाप लागते. तुम्ही घरचे आहात. तुम्हीच शोधा."

धाकटा वाद्यं दुरुस्त करायचा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, फुंकून वाजवायचं काहीही आणा. मोडलेले भाग आगीवर तापवून चांदीच्या डाखानं असे सांधायचा की जोड बोटाला लागू नये. रविवारी वर्कशॉप बंद असताना तो एकटाच दिवसभर कामाला बसला. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, घसा खवखवला, तोंडाला गोड धातूची चव आली. घरात कुणी घाबरलं नाही. या धंद्यात तसा ताप येतोच. पितळ जास्त तापलं की त्याचा धूर छातीत जातो, रात्रभर हुडहुडी भरते आणि सकाळी माणूस ठणठणीत. त्याला सगळे पितळेचा ताप म्हणतात, कपभर दूध पितात आणि झोपतात. धाकट्यानंही दूध प्यायलं. सोमवारी बरा वाटला. मंगळवारी पहाटे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला तो उठेना.

आज बुधवार. फोटोकाका वॉर्डाबाहेर आले तर बाकावर पुतणी बसलेली. तिला सगळे ठिणगी म्हणत. बापाच्या हाताखाली तयार झालेली, बापाइतकीच हट्टी.

"काका, मी दोन वाजता कामाला बसते," ती म्हणाली. "शाळेच्या बँडची बावीस वाद्यं शनिवारी द्यायचीत. आठ राहिलीत. बाबांनी पोरांना शब्द दिलाय."

"आज नको बसूस."

"का?"

"कारण त्याला कशानं झालं ते आपल्याला ठाऊक नाही."

"मग दोनपर्यंत ठाऊक करून घ्या," ठिणगी म्हणाली. "कारण सांगितलंत तर थांबेन. नुसतं नको म्हणालात तर नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. ही पोरगी तीन वर्षांची असताना हिच्या घशात बटण अडकलं होतं, तेव्हा त्यांनीच तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या होत्या. त्या दिवशी तिला श्वास परत येईपर्यंत त्यांचा जसा जीव गेला होता, तसाच आत्ता जायला लागला.

२

पहिला कबुलीजबाब इस्पितळातच मिळाला.

धाकट्याची बायको पाण्याची बाटली भरायला आली होती. फोटोकाकांनी "रविवारी वर्कशॉपमध्ये काय झालं गं?" एवढंच विचारलं. ती तिथंच नळाशी रडायला लागली.

"मीच केलं भाऊजी. जेवायला बोलवायला गेले तर आत गार वारा येत होता. मी खिडकी ओढून घेतली. तो पंखासुद्धा लावत नाही, ज्योत हलते म्हणतो. मी त्याला कोंडलं."

"खिडकी तू दर थंडीत लावतेस," फोटोकाका म्हणाले. "तीस थंड्या झाल्या. आजवर काही झालं नाही, म्हणजे या वेळी आत काहीतरी वेगळं होतं. खिडकीनं ते कोंडलं असेल, पण ते खिडकीतून आलेलं नाही. आता डोळे पूस, त्याला पाणी पाज."

दुसरा कबुलीजबाब तर चालत आला. ठिणगीचा मामा इस्पितळाच्या फाटकाशी उभा होता, चेहरा एवढासा झालेला. शनिवारी वर्कशॉपच्या कोठीत झुरळांचं औषध त्यानं मारलं होतं. डब्यावर एक झाकण लिहिलेलं, यानं तीन ओतली.

"पोलिसांना सांगायचं तर सांगा," मामा म्हणाला. "मी पळून जाणार नाही."

"औषध मारताना तोंडाला काही बांधलं होतंस?"

"नाही."

"किती वेळ होतास आत?"

"तासभर. झुरळं मरतायत का ते बघत बसलो."

"मग तू खाटेवर हवास आणि तो इथं फाटकाशी," फोटोकाका म्हणाले. "जा, काहीतरी खाऊन घे. झुरळं तरी मेली का?"

"नाही," मामा म्हणाला आणि त्यातल्या त्यात जरा सावरला.

तिसरा कबुलीजबाब वर्कशॉपमध्ये मिळाला आणि तो फोटोकाकांना सगळ्यात जड गेला.

ठिणगी बाकाशी उभी राहून आठ वाद्यांचे सुटे भाग ओळीनं मांडत होती. मागे वळून न बघता ती म्हणाली, "काका, खरं सांगायचं तर मीच बाबांना मारायला निघाले होते. डाख दिल्यावर भाग धुवायचं ते ॲसिड मी शनिवारी बदललं. माप न घेता, अंदाजानं. जास्त कडक झालं असणार. रविवारी बाबा त्याच्यावर वाकून बसले असतील. म्हणून तर काम मी पुरं करणार. निदान तेवढं तरी."

फोटोकाकांनी चष्मा लावला आणि बाकावर रविवारचं काम पाहिलं. सॅक्सोफोनच्या नऊ चाव्या. प्रत्येक जोडाभोवती सुहाग्याचा काचेसारखा थर तसाच होता. डाख नीट धरावा म्हणून आधी सुहागा लावतात आणि काम झाल्यावर भाग ॲसिडमध्ये टाकला की तो सुटून येतो, एवढं त्यांना भावाच्या संगतीत कळत होतं.

"हे बघ," ते म्हणाले. "हा थर अजून आहे. म्हणजे यातला एकही भाग ॲसिडमध्ये गेलेला नाही. रविवारी त्यानं त्या भांड्याचं झाकणसुद्धा काढलं नसेल. तुझ्या ॲसिडनं काही केलेलं नाही."

ठिणगी चाव्यांकडे बघत राहिली. मग एकदम खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून हमसून हमसून रडली. फोटोकाका शेजारी बसले. गुडघा कुरकुरला, त्याला त्यांनी कुरकुरू दिलं.

तिचं रडणं ओसरल्यावर त्यांनी पुन्हा बाकाकडे नजर टाकली. आग सोसायला ठेवलेल्या पांढऱ्या विटांवर धूळ बसली होती. बोट फिरवलं तर बोट तपकिरी झालं.

"अशी धूळ नेहमी असते?"

"पितळेच्या धुराची असते. पण ती पांढरी, कापसासारखी," ठिणगी नाक पुसत म्हणाली. "ही कसली कोण जाणे."

शेजारी डाखाच्या काड्यांची एक जुडी होती, नवीकोरी, लखाखणारी. आणि एक डबा होता थोटकांचा. या वर्कशॉपची एक रीत होती. काडी कोऱ्या टोकाकडून वापरायची आणि रंगवलेलं टोक उरलं की थोटूक डब्यात टाकायचं, म्हणजे कुठल्या जातीची काडी वापरली ते पुढे कधीही कळतं. डब्यात सगळी थोटकं हिरव्या टोकाची होती. फक्त वरची सहा-सात बिनरंगाची, दोन्ही बाजूंनी चकचकीत.

फोटोकाकांनी ते पाहिलं आणि त्यातून त्यांना काहीही समजलं नाही. तपकिरी धूळ तेवढी त्यांनी कागदाच्या पुडीत घेतली.

"कारण मिळालं?" ठिणगीनं विचारलं. डोळे लाल झाले तरी हट्ट जागचा हलला नव्हता.

"अजून नाही."

"दीड वाजत आलाय."

३

कबुलीजबाब न देणारा एकच माणूस उरला होता आणि तो होता लखलख.

लखलख म्हणजे धाकट्याचा तीस वर्षांचा भागीदार. धाकटा सांधायचा, हा चकाकी द्यायचा. दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले. पॉलिशच्या चाकाचा आवाज आणि भुगा लोकांना नको म्हणून लखलखची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. तिथं धूळ सोडली तर सगळं चमकत होतं. बिजागऱ्या, नळ, पाण्याचा पेला, बुटांच्या नाड्यांची पत्र्याची टोकंसुद्धा. एकदा त्यानं वर्कशॉपचं कुलूप इतकं घासलं की त्याच्यावरचा नंबर उडाला आणि नवी किल्ली करताना किल्लीवाल्यानं हात टेकले.

"मी काय सांगणार, दादा," चाक थांबवून लखलख म्हणाला. "बारा दिवस आमचं बोलणं बंद आहे. मी रेडिओ मोठ्यानं लावतो म्हणाला. मी म्हटलं, तू कानानं अधू झालास तर बरं होईल. मग तोही काहीतरी बोलला. तीस वर्षांत एवढं कधी ताणलं नव्हतं." त्यानं चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "आता तिकडे तो असा पडलाय आणि मी जाऊ कुठल्या तोंडानं? मला सांगा, बोलतो का तो?"

"दोन शब्द."

"माझ्याबद्दल?"

फोटोकाकांना खोटं बोलवेना. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लखलख खाली बघून चष्मा पुसतच राहिला आणि त्या हाताकडे बघता बघता फोटोकाकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

डाखाची काडी वितळून जाण्यासाठी असते. तिला कुणी चकाकी देत नाही. दुकानदार देत नाही, कारखाना देत नाही, धाकटा तर मुळीच नाही. जी वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होणार ती टोकापासून टोकापर्यंत घासून ठेवणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता.

"लखलख," ते हळूच म्हणाले, "त्या काड्या तू दिल्यास?"

लखलखचा चेहरा एकदम उजळला.

"वापरल्या त्यानं?" तो म्हणाला. "खरंच वापरल्या? मला वाटलं रागानं फेकून दिल्या असतील. शनिवारी तो जेवायला गेला तेव्हा गुपचूप बाकावर ठेवून आलो. बोलणार कसा, म्हणून ठेवून आलो. उस्तादांच्या बाईंनी त्यांची हत्यारपेटी मला दिली ना, तिच्या तळाशी होत्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या. हा नेहमी म्हणायचा, उस्तादांच्या काड्या पाण्यासारख्या वाहायच्या, तशा आता मिळत नाहीत. म्हटलं, बघ, मिळाल्या तुला."

"पेटीत होत्या तेव्हा कशा होत्या?"

"काळ्याकुट्ट. टोकाला लाल रंग, वर एक कागद डकवलेला, बारीक अक्षरांचा. तशा देतात का कुणी कुणाला? कागद भिजवून काढला, रंग घासला, एकेक काडी चाकावर धरली. दोन तास लागले."

फोटोकाकांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. उस्तादाच्या काळातला चांदीचा डाख, लाल टोक, विटेवर तपकिरी धूळ, एवढंच सांगितलं. पलीकडे तिनं कुणाला तरी काहीतरी बघायला लावलं, पानं उलटल्याचा आवाज आला.

"कॅडमियम," ती म्हणाली. "जुन्या डाखात घालायचे, लवकर वितळावा म्हणून. फार तापलं की त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेत तपकिरी धूर होऊन छातीत जाते. पहिल्या दिवशी साधा ताप वाटतो, म्हणून माणूस फसतो. मग दोन दिवसांनी फुप्फुसांत पाणी भरतं. काका, त्या काड्यांना कुणी आग लावायची नाही. बंद खोलीत तर नाहीच नाही."

घड्याळात दोनला सात कमी होते. त्यांनी ठिणगीला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. आगीजवळ फोन नको म्हणून ती तो खणात टाकते, आणि बापासारखी खिडकी-दार लावून घेते. दोन म्हटलं की दोनच्या ठोक्याला सुरुवात करते, हेही बापाचंच.

४

"पळ," फोटोकाका म्हणाले. "माझा गुडघा नाही यायचा. वर्कशॉपच्या बोळात गॅसचं सिलिंडर आहे, ते बंद कर. आत जाऊ नकोस, हाका मारू नकोस, आधी सिलिंडर."

लखलखनं कारण विचारलं नाही. साठीला आलेला तो माणूस पॉलिशचा एप्रन घालूनच रस्त्यावर आला आणि धावत सुटला. फोटोकाका लंगडत मागे निघाले. पहिल्या वळणावर तो दिसेनासा झाला. तेवढ्या दोन गल्ल्यांत त्यांनी काय काय पाहिलं म्हणावं तर काहीच नाही. एकच फिल्म डोळ्यांपुढे होती, दोन्ही बाजूंनी पांढरी, आणि कोपऱ्यात नाव पोरीचं.

ते बोळात पोचले तेव्हा लखलख सिलिंडरला मिठी मारून बसला होता आणि दारात ठिणगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काका, हे काय आहे? ऐन जोड तापला आणि ज्योत गेली."

"काडी लावलीस?"

"हातात घेतली होती. लावणार तेवढ्यात विझलं."

"त्या चकचकीत काड्यांतली?"

"हो. बाबांनी काढून ठेवलेल्या."

फोटोकाका तिथंच पायरीवर बसले. जीव भांड्यात पडला. ठिणगी घाबरून शेजारी बसली. मग त्यांनी तिला तिचं कारण दिलं. आधी तपकिरी धूळ, मग बिनरंगाची थोटकं, मग लाल टोक आणि बारीक अक्षरांचा कागद, आणि कॅडमियम. काड्या कुणी दिल्या ते नाव तेवढं गाळलं. जुन्या पेटीतून आल्या, एवढंच म्हणाले.

पण समोर जो बसला होता तो काही दूधखुळा नव्हता. त्यानं सिलिंडर सोडलं आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"त्या कागदावर तेच लिहिलं होतं," लखलख म्हणाला. "आणि तो लाल रंग त्यासाठीच होता. मी घासून काढला."

सकाळपासून तीन कबुलीजबाब फोटोकाकांनी परत पाठवले होते. हा चौथा परत पाठवता येत नव्हता आणि तोच त्यांना सगळ्यात नको होता.

ठिणगी उठली. आतून काड्यांची जुडी आणि थोटकं आणली, जाड पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. मग लखलखचा हात धरून ती म्हणाली, "लखलखकाका, खिडक्या उघडा, पंखा लावू, पण झाडू मारू नका, धूळ उडेल. ओल्या फडक्यानं पुसायचं. तोंडाला बांधायचं, मी देते. आणि उरलेली आठ हिरव्या काड्यांनी करीन, दार उघडं ठेवून. काका, तोवर यांना इस्पितळात घेऊन जा."

"मी नाही येणार," लखलख म्हणाला.

"येणार आहेस," फोटोकाका म्हणाले.

५

वॉर्डाच्या दारात नव्या नर्सनं अडवलं. ती फोटोकाकांना ओळखत होती, पण मागे उभ्या एप्रनवाल्या माणसाला नाही.

"भेटायला फक्त घरचे," ती म्हणाली. "तुम्ही पेशंटचे कोण?"

लखलखनं एप्रनला हात पुसले. मग म्हणाला, "ज्याच्यामुळे तो इथं आहे ना, तो मी."

नर्स गोंधळली. फोटोकाकांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "हा आमच्यातला मधला."

धाकटा टेकून बसला होता. डॉक्टरबाई मघाशी येऊन सगळं सांगून गेली होती. जिवावरचं बहुतेक टळलंय, पण फुप्फुसांना महिने लागतील, पहिल्यासारखी होतीलच असं नाही, आणि ज्योतीपुढे बसणं कायमचं बंद. त्यानं भावाकडे पाहिलं आणि मास्क वर करून एकच शब्द काढला.

"पोरगी?"

"बरी आहे. काडी हातात होती. लावली नव्हती. यानं गॅस बंद केला."

धाकट्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं आणि ते त्यानं पुसलं नाही.

लखलख पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "मी घासल्या," तो म्हणाला. "लाल टोकं मी घासली. मला माफ कर म्हणायलासुद्धा मला लाज वाटते."

धाकट्यानं मास्क पुन्हा वर केला. नर्स ओरडली तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही. एकेक वाक्य सुटं सुटं येत होतं, मध्ये श्वास.

"पहिल्याच जोडाला... धूर तपकिरी आला. उस्तादांनी... सांगितलं होतं. तपकिरी धूर... तर उठायचं."

"मग उठला का नाहीस रे?" फोटोकाका म्हणाले. आवाज चढला तो त्यांनाही कळला नाही.

"आठ दिवस... हा माझ्याशी बोलला नव्हता. मग या काड्या. एकेक घासलेली. कुणी दिल्या... ते काय विचारायला हवं?" धाकटा थांबला, दोनदा छाती वरखाली झाली. "मनात म्हटलं... यानं दिलेल्या. यात वाईट काय असणार."

लखलख हुंदका देऊन तोंड फिरवायला गेला. फोटोकाकांनी त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

धाकट्यानं मास्क नीट लावला, चादरीखाली पाय भिंतीकडे सरकवले आणि हातानं गादी थोपटली. लखलख बसला. फोटोकाका स्टुलावर बसून भावाचे श्वास मोजत राहिले.